तुम्ही कधीपासून ऐकता?

लंडनच्या जॅझचा नवा अल्बम जगाच्या रिवाजाप्रमाणे शुक्रवारी बाहेर पडतो आणि शुक्रवार मावळायच्या आत चाहत्यांमधली त्यावरची चर्चा रंगात येते. या चर्चेत अल्बम कसा आहे हा प्रश्न फारसा कोणी काढत नाही. ड्रमवर कोण आहे? तो आधी ज्या बँडमध्ये होता तो बँड मोडला का? मोडला असेल तर कोणामुळे? ध्वनिमुद्रण कुठे केलं? लेबल कोणतं, आणि ते अजून स्वतंत्र आहे की एखाद्या बड्या कंपनीने गिळलं? मग थोडं पुढे झुकून, आवाज अगदी मवाळ ठेवून, शेवटचा प्रश्न येतो: तुम्ही यांना कधीपासून ऐकता? आपल्याकडे स्थळ बघायला आलेली मंडळी कूळ, आजोळ, मामांची नोकरी आणि घर स्वतःचं की भाड्याचं इथपर्यंत सगळं विचारून पोहे संपवतात आणि जिच्यासाठी हे चाललं आहे ती ट्रे घेऊन आतबाहेर करत राहते, तशी इथे त्या बिचाऱ्या अल्बमची गत होते. तिऱ्हाइताला वाटतं की या लोकांना संगीत आवडत नसावं, संगीताची चौकशी आवडत असावी. माझं म्हणणं असं की जॅझच्या बाबतीत चौकशी हा ऐकण्याचाच एक भाग आहे, आणि लंडनच्या आजच्या जॅझमध्ये तर तो चांगला मोठा भाग आहे. हे चाहते हास्यास्पद दिसतात, हे मान्य. पण त्यांना घरी पाठवलं तर या संगीताचं काहीतरी अडेल, आणि काय अडेल ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी लंडन म्हणजे कुठलं लंडन ते सांगायला हवं, कारण पहिलं भांडण तिथेच आहे. जॅझ त्या शहराला नवा नाही. रॉनी स्कॉट्स हा क्लब १९५९ पासून चालू आहे. पण हल्लीचा चाहता 'लंडन' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे टेबलावर छोटे दिवे मांडलेला तो सोहोतला क्लब नसतो. डेटफर्ड, पेकहॅम, डॉल्स्टन इथल्या, बसायला खुर्ची नसलेल्या आणि घामाने भिंती ओल्या झालेल्या खोल्या असतात. या पिढीच्या मुळाशी टुमॉरोज वॉरियर्स ही संस्था आहे. बेसवादक गॅरी क्रॉसबी आणि जनीन आयर्न्स यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली आणि ज्यांच्या घरून क्लासची फी निघाली नसती अशा पोरापोरींना तिथे फुकट शिकवलं. शबाका हचिंग्ज, नुबाया गार्सिया, मोझेस बॉइड आणि एझ्रा कलेक्टिव्हची मुलं याच मुशीतली. यांच्या घरांत जमैकाचा डब आणि नायजेरियाचा अफ्रोबीट वाजत होता, घराबाहेर ग्राइम. ते सगळं जॅझमध्ये शिरलं आणि लोक उभ्याने ऐकता ऐकता नाचायला लागले. २०१८ मध्ये जाइल्स पीटरसनच्या ब्राउन्सवुड लेबलने 'वी आउट हिअर' हा संकलन-अल्बम काढला, नऊ रचनांचा, आणि जगाने या घोळक्याला एक नाव दिलं. नाव दिल्याबरोबर मँचेस्टरच्या चाहत्याने घसा खाकरला. गोगो पेंग्विन आमचे, गोंडवाना रेकॉर्ड्स आमचं, मग सगळं लंडनच्या खात्यावर का? ग्लासगोने कॉर्टो.आल्टो पुढे केला. एमा-जीन थॅकरे यॉर्कशरची आहे, हे यॉर्कशरची माणसं न विचारता सांगतात. खुद्द लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिणेचे चाहते उत्तरेच्या चाहत्यांना मनातून पाहुणे समजतात.

आता या चौकशीचा उपयोग काय ते पाहू. 'वी आउट हिअर'च्या नऊ रचनांपैकी पाचांत नुबाया गार्सियाचा सॅक्सोफोन आहे, पण त्यांतली एकच रचना तिच्या नावावर आहे. शबाका एका वेळी तीन बँड चालवत होता: दोन ड्रमर आणि ट्यूबा असलेला सन्स ऑफ केमेट, सिंथेसायझरचा धूर काढणारा द कॉमेट इज कमिंग, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वादकांबरोबरचा शबाका अँड द अँसेस्टर्स. जो आर्मन-जोन्स एझ्रा कलेक्टिव्हचा कीबोर्डवादक आहे आणि स्वतःच्या नावाने वेगळे अल्बम काढतो. एझ्राचा ड्रमर फेमी कोलिओसो गोरिलाझ या बँडबरोबर जगभर फिरला आहे. नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस' उघडला तर आत नुबाया आहे, एझ्राचा जेम्स मॉलिसन आहे, कोकोरोको बँडची शीला मॉरिस-ग्रे आहे. थोडक्यात, कव्हरवर जे नाव छापलेलं असतं ते त्या दिवशी भाडं कोणी भरलं एवढंच सांगतं. संगीत कोणाचं आहे हे कळायला आत शिरून विचारपूस करावी लागते. पूर्वी हे काम एलपीच्या कव्हरची मागची बाजू करायची. तिथे वादकांची नावं, तारखा, ध्वनिमुद्रकाचं नाव आणि वर एक पानभर स्तुती छापलेली असे. आता फोनच्या पडद्यावर अल्बमचं चित्र बोटाच्या पेराएवढं उरलं आहे, आणि वादकांची नावं शोधायची तर तीन ठिकाणी दाबावं लागतं. इतकं करून दिसतो तो बहुधा गीतकार म्हणून नोंदलेला एकटा माणूस. ॲपला एवढंच कळतं की तुम्ही हे ऐकलंत म्हणून ते ऐकाल. सन्स ऑफ केमेटमधला तो ट्यूबा थिऑन क्रॉसचा आहे, आणि म्हणून तुम्ही त्याच्या स्वतःच्या अल्बमकडे जायला हवं, हे सांगायला अजून माणूसच लागतो. तो माणूस म्हणजे हाच आपला भोचक चाहता. बेसवादकांना मात्र तोही पुष्कळदा विसरतो, हे त्याच्याविरुद्ध नोंदवून ठेवतो.

यावर सरळ आक्षेप येतो: ही झाली नावांची जंत्री, सूर कुठे गेले? खरा रसिक डोळे मिटून ऐकतो, तोंड उघडत नाही. आक्षेप दिसायला सात्त्विक आहे. पण डोळे मिटून ऐकणाऱ्याला डोळे उघडल्यावर काय म्हणता येतं ते पाहा. 'छान होतं.' 'खोल होतं.' 'एकदम वेगळ्या ठिकाणी घेऊन गेलं.' यापुढे भाषा संपते, आणि लेखणी घेऊन बसलेल्या समीक्षकाचीही संपते. म्हणून तर प्रत्येक परीक्षणात सॅक्सोफोन कधी आक्रंदतो, कधी कुजबुजतो आणि उरलेल्या वेळी उसळतो. याउलट 'आधीच्या अल्बमवर हाच ड्रमर ठोके जरा मागे ठेवायचा, इथे पुढे रेटतोय' असं म्हणणाऱ्याने दोन्ही अल्बम कान देऊन ऐकले आहेत एवढं तरी सिद्ध होतं. वादक बदलला की वाजवणं बदलतं हा जॅझचा पाया आहे, कारण लिहिलेलं त्यात थोडं आणि ऐन वेळी सुचलेलं जास्त असतं. कोण हे कळल्याशिवाय काय हे कळत नाही. मौनी रसिकाला हे ठाऊक नसतं असं नाही. तो फक्त कोणीतरी दुसऱ्याने चौकशी करून आणलेलं फुकटात ऐकत असतो.

दुसरा आणि जास्त गंभीर आरोप 'हे जॅझ आहे का' या प्रश्नाबद्दल आहे. नव्या अल्बमच्या चर्चेत हा प्रश्न पंधराव्या मिनिटाच्या आत आला नाही तर चर्चा करणारे आजारी आहेत असं समजावं. यात नवीन काही नाही, आणि इंग्लंडमध्ये तर याला हाणामारीची परंपरा आहे. १९५३ मध्ये हंफ्री लिटल्टनने आपल्या बँडमध्ये ब्रूस टर्नर नावाचा आल्टो सॅक्सोफोनवादक घेतला. जुन्या न्यू ऑर्लिन्स वळणाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन! बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये चाहत्यांनी चक्क फलक फडकवला आणि 'गलिच्छ बॉपर, घरी जा' अशी त्याला सूचना केली. टर्नर बिचारा त्या बँडमध्ये बीबॉप हा नव्या वळणाचा जॅझ वाजवत नव्हताच, पण वाद्याचं दर्शन पुरेसं होतं. त्यानंतर १९६० चा जुलै. हॅम्पशरमध्ये लॉर्ड माँटेग्यू यांच्या ब्यूली इथल्या जहागिरीत जॅझ महोत्सव भरला होता. पारंपरिकवाले आणि आधुनिकवाले यांची आधीच जुंपलेली, पोटात भरपूर बिअर. मंचावर ॲकर बिल्क क्लॅरिनेट वाजवत असताना पोरं दिव्यांच्या मचाणावर चढली, मचाण कोसळलं आणि बीबीसीला थेट प्रक्षेपण आवरतं घ्यावं लागलं. लॉर्डसाहेबांच्या हिरवळीवर सौंदर्यशास्त्राचा इतका सखोल ऊहापोह पूर्वी कधी झाला नसेल. या पार्श्वभूमीवर आजचा चाहता पाहा. नव्या अल्बममध्ये ड्रम मशीन ऐकल्यावर तो फार तर एक दीर्घ श्वास सोडतो आणि 'उत्तम आहे, पण मी याला जॅझ म्हणणार नाही' म्हणतो. साठ-पासष्ट वर्षांत माणूस मचाणावरून उतरून उसाशापर्यंत आला, ही प्रगतीच म्हणायची.

इथे कोणी फिलिप लार्किनचं नाव काढेल, आणि काढावंच. हल विद्यापीठाचा ग्रंथपाल, इंग्लंडचा मोठा कवी, आणि १९६१ ते १९७१ डेली टेलिग्राफचा जॅझ-समीक्षक. नव्या रेकॉर्ड्सवर लिहिण्याचे पैसे घेणारा हा माणूस मनोमन असं मानत होता की बीबॉपवाला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आला आणि जॅझ बिघडला. १९७० मध्ये लेखांचं पुस्तक काढलं तेव्हा प्रस्तावनेत त्याने पार्करला कवी एझ्रा पाउंड आणि चित्रकार पिकासो यांच्यासोबत एकाच पिंजऱ्यात उभं केलं: तिघांनी मिळून कलेचं वाटोळं केलं म्हणून. आक्षेप असा, की 'हे जॅझ आहे का' हा प्रश्न विचारत राहिलं की माणसाचा लार्किन होतो; त्याचे कान बंद होतात आणि पेन चालू राहतं. यात तथ्य आहे. पण एक गोष्ट सुटते. लार्किन दहा वर्षं ते सगळं ऐकत होता. न आवडणारं संगीत इतक्या चिकाटीने, महिनोन्‌महिने ऐकणारा माणूस ज्यांना ते आवडतं त्यांच्यातही विरळा सापडेल. ज्याला खरोखर पर्वा नसते तो दुसरा चॅनेल लावतो. तेव्हा नाक मुरडणारा चाहता हा श्रोत्यांमधला सगळ्यात टिकाऊ श्रोता असतो, आणि नवं काय झालं याची पहिली बातमीही त्याच्याकडूनच मिळते, फक्त तक्रारीच्या स्वरूपात.

शिवाय वादक मंडळी काही साधीभोळी नाहीत. चाहते चौकशीला बसले आहेत हे त्यांना पक्कं माहीत असतं आणि ते मुद्दाम खोड्या काढतात. युसेफ डेजने २०२३ च्या अल्बमचं नावच 'ब्लॅक क्लासिकल म्युझिक' ठेवलं. म्हणजे जॅझ की नाही या वादात बसलेल्यांच्या खालची सतरंजीच ओढली. नाला सिनेफ्रोने त्याहून वरचढ केलं. तिच्या २०२१ च्या 'स्पेस १.८' वरच्या आठ रचनांची नावं 'स्पेस १' ते 'स्पेस ८', आणि २०२४ च्या 'एंडलेसनेस'मध्ये 'कंटिन्युअम १' ते 'कंटिन्युअम १०'. आता या अल्बमवर भावुक होऊन बोलून दाखवा. 'मला सातवा कंटिन्युअम फार जवळचा वाटतो' असं म्हणणारा माणूस गणिताच्या शिकवणीतून पळून आल्यासारखा दिसतो. एका रचनेचे सूर दुसरीत असे वाहत जातात की सातवा कुठे संपला आणि आठवा कुठे लागला याची खात्री त्याची त्यालाच नसते. तरी तो आकडा ठामपणे सांगतो, आणि समोरचा तितक्याच ठामपणे पाचव्याची बाजू घेतो. मग शबाकाचं प्रकरण. २०२३ संपताना सॅक्सोफोन बाजूला ठेवणार असं त्याने जाहीर केलं, डिसेंबरमध्ये हॅकनीच्या एका चर्चमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' वाजवलं आणि तो बासऱ्यांकडे, विशेषतः जपानी शाकुहाचीकडे वळला. पुढच्या वर्षी आलेला बासऱ्यांचा अल्बम त्याने ध्वनिमुद्रित केला तो न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत, जिथे १९६४ मध्ये 'अ लव्ह सुप्रीम' झालं होतं. चाहत्यांत सुतक. १९५३ मध्ये सॅक्सोफोन आला म्हणून फलक फडकले होते. बरोबर सत्तर वर्षांनी सॅक्सोफोन गेला म्हणून डोळे पुसले गेले. दोन्ही वेळी रडणारा पक्ष एकच, आणि दोन्ही वेळी तो जॅझच्याच बाजूने रडत होता.

सगळ्यांत अजिंक्य चाहता मात्र वेगळाच असतो. अल्बम कितीही चांगला निघो, तो एकच वाक्य बोलतो: 'प्रत्यक्ष ऐकायला हवं होतं.' डेटफर्डमध्ये स्टीम डाउनच्या साप्ताहिक मैफली भरायच्या, क्लॅप्टनच्या चर्चमध्ये चर्च ऑफ साउंडच्या कार्यक्रमांत वादक मधोमध आणि श्रोते भोवताली गोल बसायचे, हॅकनीच्या टोटल रिफ्रेशमेंट सेंटरमध्ये तर स्टुडिओ आणि अड्डा एकाच छपराखाली होता. २०१८ मध्ये तिथले जाहीर कार्यक्रम बंद पडल्यावर या चाहत्याचं बळ दुप्पट झालं, कारण त्याची साक्ष आता तपासताही येईना. ही शुद्ध बढाई आहे असं म्हणावं, तर मकाया मॅक्रेव्हन आडवा येतो. शिकागोच्या या ड्रमरने २०१५ चा 'इन द मोमेंट' हा अल्बम जवळपास ४८ तासांच्या प्रत्यक्ष मैफलींच्या फितींतून कापून, जोडून, घडवून काढला. मग २०१७ मध्ये तो याच टोटल रिफ्रेशमेंट सेंटरमध्ये नुबाया गार्सिया, थिऑन क्रॉस, जो आर्मन-जोन्स यांच्याबरोबर वाजवून गेला आणि त्या रात्रींच्या फितींचंही पुढल्या वर्षी असंच कापाकापी केलेलं मिश्रण निघालं. म्हणजे मैफल हाच अल्बमचा कच्चा माल. अशा वेळी 'त्या रात्री ही धून वीस मिनिटं चालली होती, यांनी तीन ठेवली' असं सांगणारा माणूस बढाईखोर असला तरी साक्षीदार आहे. काय कापलं गेलं ते फक्त त्यालाच ठाऊक. त्याच्या त्या वीस मिनिटांतली आठ मिनिटं कालांतराने त्याने स्वतःच वाढवलेली असतात हे गृहीत धरावं.

आता 'कधीपासून ऐकता' या मुख्य प्रश्नाकडे येऊ, कारण तिथे चाहत्यांच्या वागण्याचं समर्थन करणं खरोखर अवघड होतं. वर्षातल्या उत्कृष्ट अल्बमला दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार १९९२ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षीच्या यादीत दक्षिण आफ्रिकेचा पियानोवादक बेकी म्सेलेकू होता, आणि पुढे बहुतेक वर्षी यादीत एखादा जॅझ अल्बम असायचा आणि तो जिंकायचा नाही. पोर्टिको क्वार्टेट गेले, गोगो पेंग्विन गेले, सन्स ऑफ केमेट, मोझेस बॉइड, नुबाया गार्सिया, सगळे यादीपर्यंत पोचून रिकाम्या हातांनी परतले. चाहत्यांना ही व्यवस्था मनापासून पसंत होती. दरवर्षी एक हक्काचा अन्याय मिळायचा, त्यावर हिवाळा निघायचा. २०२३ मध्ये एझ्रा कलेक्टिव्हने 'व्हेअर आय'म मेंट टू बी' या अल्बमसाठी तो पुरस्कार जिंकला, जिंकणारा पहिला जॅझ बँड ठरला, आणि तीस वर्षांची कमावलेली तक्रार एका रात्रीत बुडाली. पुढच्या वर्षी त्यांनी वेम्ब्ली अरीना गाठली, २०२५ मध्ये ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम ब्रिटिश ग्रुप ठरले. जुन्या चाहत्याच्या चेहऱ्यावर तेव्हापासून एक चमत्कारिक भाव असतो: आनंद झाला आहे हे सांगावंसं वाटतं, पण पहिल्या अल्बमची सर याला नाही हेही सांगितल्यावाचून राहवत नाही. ही सरळ सरळ मिरासदारी आहे असं कोणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. मी फक्त हिशेब मांडतो. वेम्ब्ली भरायच्या आधी कुठल्या तरी खोलीत तीस माणसं उभी राहावी लागतात, पाऊस पडत असतो, तिकिटाचे पैसे दारावर रोख द्यायचे असतात आणि बँड तासभर उशिरा येतो. त्या तीस माणसांना या कामाचं मानधन मिळत नाही. त्यांना पुढे जन्मभर 'मी तेव्हापासून ऐकतोय' असं म्हणता येतं, एवढाच मोबदला, आणि तो देताना कोणाच्याच खिशाला चाट बसत नाही. ही ऐट कायद्याने बंद केली तर ती पहिली खोली रिकामी राहील. नवख्या श्रोत्याला तिचा त्रास होतो हे खरं. पण नवख्यानेही थोडा दम धरावा, दोन वर्षांत पुढचा बँड येतो आणि त्या वेळी वाक्य त्याच्या तोंडी असतं.

विनाइलवाल्यांचा समाचार थोडक्यात घेतो, कारण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे वेळेचा अपव्यय. हा चाहता अल्बम विकत घेतो, मर्यादित आवृत्तीचा, निळसर धुरकट रंगाचा, आणि सील न फोडता ठेवतो. ऐकतो तो फोनवरच. तरी वादकाच्या हातात भाड्याचे पैसे याच्यामुळेच पडतात. स्ट्रीमिंगच्या कवड्यांवर आठ जणांचा बँड चालत नाही. तेव्हा त्याला न दुखावता बोलावं. 'मूळ प्रेसिंगची गोष्टच वेगळी' हे त्याचं वाक्य मात्र लक्षात ठेवा.

या सगळ्या भोचकपणाच्या उपयोगाचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या बाजूला येऊन पोचतो. सारथी कोरवार हा लंडनच्या जॅझमधला ड्रमर आणि तबलावादक. अमेरिकेत जन्मलेला, अहमदाबाद आणि चेन्नईत वाढलेला, आणि पर्यावरणशास्त्र शिकायला म्हणून पुण्याला येऊन तबल्यात रमलेला. त्याच्या २०१९ च्या 'मोअर अरायव्हिंग'मध्ये मुंबईचा रॅपर एमसी मवाली येतो, आणि त्या गाण्याची सात मात्रांची चाल मोजता मोजता लंडनच्या चाहत्यांचे पाय एकमेकांत अडकतात. पण चौकशीखोरांनी पकडला तो त्याच्या आधीचा, २०१८ चा अल्बम, चर्च ऑफ साउंडमध्ये उपज कलेक्टिव्हबरोबर प्रत्यक्ष वाजवलेला. त्यात ॲलिस कोल्ट्रेन, फॅरो सँडर्स अशा मोठ्या नावांच्या रांगेत 'अ स्ट्रीट इन बॉम्बे' नावाची एक रचना आहे. ही कोणाची? निघाले अमान्सियो डिसिल्व्हा. गोव्याच्या घरातले, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले गिटारवादक, साठच्या दशकात लंडनला गेलेले. तिथे त्यांना जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट भेटला, आणि १९६९ मध्ये दोघांचा अल्बम निघाला; नाव 'हम दोनो'. देव आनंदच्या सिनेमाशी त्याचा काही संबंध नाही, पण लंडनमध्ये खुलासा करण्याची गरज कोणाला पडली नसावी. हॅरियट १९७३ मध्ये गेला, डिसिल्व्हा १९९६ मध्ये. मधल्या काळात त्यांचं नाव फार थोड्यांच्या तोंडी होतं. जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत गुडघ्यांवर बसून खोकी उपसणारे जे लोक, ज्यांच्यावर आपण इतका वेळ हसतो आहोत, त्यांनी ते टिकवलं. 'वी आउट हिअर' काढणारा जाइल्स पीटरसन हाही त्यांच्यापैकीच. २०१८ च्या तरुणांचं संकलन करण्याच्या खूप आधी, २००२ मध्ये, त्याने साठ-सत्तरच्या दशकांतल्या विस्मृत ब्रिटिश जॅझचं संकलन काढलं होतं. डेटफर्डच्या मुलांनी जमैका, नायजेरिया आणि लंडन एकत्र केलं म्हणून जगाने टाळ्या वाजवल्या, ते योग्यच. पण त्यांच्या जन्माआधी एक गोवेकर आणि एक जमैकन त्याच शहरात हे करून बसले होते, ही आठवण कुठल्याही ॲपने करून दिली नाही. ती 'ही मूळ रचना कोणाची हो?' असा चोंबडा प्रश्न विचारणाऱ्याने करून दिली.

आणि त्या प्रश्नाचं टोक कुठे जातं तेही पाहण्यासारखं आहे. 'अ स्ट्रीट इन बॉम्बे' ही रचना डिसिल्व्हांच्या ज्या अल्बमवर आहे त्याचं नाव 'कोकण डान्स'. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाला, फिती कपाटात गेल्या आणि तिथेच राहिल्या. कोकण नेमकं कुठे आहे हे विचारणाराही तेव्हा कोणी भेटला नाही. अल्बम पहिल्यांदा बाहेर आला तो २००६ मध्ये, सीडीवर. विनाइल पुष्कळ नंतर निघालं. त्यामुळे आजही नव्या-जुन्या अल्बमची चर्चा या अल्बमपाशी आली की विनाइलवाला गृहस्थ एकाएकी गप्प होतो, चहा ढवळायला लागतो, कारण मूळ प्रेसिंग दाखवायचं म्हटलं तर त्याला खिशातून प्लॅस्टिकच्या डबीतली सीडी काढावी लागेल.